आर्तिबोनितच्या काठी मदतीचा हिशेब

हैतीच्या मध्य पठारावर आर्तिबोनित नदी अडवून १९५६ साली पेलिग्रचे धरण पुरे झाले. पाणी चढत गेले तशी खोऱ्यातली कसदार जमीन बुडाली आणि ती कसणारी कुटुंबे आजूबाजूच्या उघड्याबोडक्या डोंगरउतारांवर सरकली. कांज ही वस्ती अशाच धरणग्रस्तांची. वीज राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सकडे गेली, पाण्याचा लाभ खालच्या भातखाचरांना झाला आणि ज्यांची शेते गेली त्यांच्या खोपटांत ना दिवा आला ना पाणी. कोयनेच्या धरणग्रस्तांची पुढची पिढीही पुनर्वसनाचे कागद घेऊन हिंडताना आपण पाहिली आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

धरणापासून सुरुवात करण्याचे कारण असे की, परदेशी वैद्यकीय मदतीने हैतीत काय साधले आणि काय बिघडवले, ते दोन्ही या एकाच नदीच्या काठी पाहायला मिळते. धरणग्रस्तांच्या कांजमध्ये १९८०च्या दशकात एक लहानसा दवाखाना उभा राहिला आणि त्यातून पुढे गरिबांच्या आरोग्यसेवेचा जगभर अभ्यासला गेलेला एक प्रयोग घडला. धरणाच्या खाली मिरबाले हे गाव आहे. तिथल्या एका ओढ्यातून २०१० मध्ये पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू नदीत उतरले, आणि ते नेणारे शांततेसाठी पाठवलेले सैनिक होते. त्याही खाली देशापेलला १९५६ पासून चालत आलेले एक धर्मादाय रुग्णालय आहे, आणि त्याच्या भोवती जी भातशेती आहे ती स्वस्त परदेशी तांदळाने मोडकळीस आणली.

या सगळ्याकडे पाहून माझे मत असे झाले आहे की, हैतीसारख्या देशाला दिलेल्या वैद्यकीय मदतीची किंमत किती कोटी जमले किंवा किती विमाने उतरली यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. ती मदत तिथल्या परिचारिकेच्या, डॉक्टरच्या आणि गावातल्या आरोग्यसेविकेच्या पगारात किती आणि किती वर्षे उतरली, ही पहिली. आणि ज्याला मदत मिळाली त्याला देणाऱ्याकडे हिशेब मागण्याचा हक्क होता की नाही, ही दुसरी. या दोन्ही कसोट्यांवर हैतीला मिळालेली बहुतेक मदत उतरत नाही.

१२ जानेवारी २०१०च्या दुपारी पाच वाजायला काही मिनिटे असताना ७.० क्षमतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र राजधानीच्या पश्चिमेला लेओगानजवळ होते. मृतांचा आकडा आजही वादात आहे. कमीत कमी अंदाज एक लाखाच्याही खालचा आहे, तर हैती सरकारने तो तीन लाखांच्या वर नेला. त्यानंतर दीड महिन्यातच चिलीमध्ये ८.८ क्षमतेचा, म्हणजे कित्येक पटींनी अधिक ऊर्जेचा भूकंप झाला आणि तिथे सुमारे सव्वापाचशे माणसे दगावली. चिलीकडे बांधकामाचे नियम होते आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारी यंत्रणा होती. हैतीत जमीन हादरल्याने जितकी गेली त्याहून अधिक माणसे कच्च्या सिमेंटच्या स्लॅबखाली आणि यंत्रणेच्या अभावाखाली गेली. खुद्द आरोग्य मंत्रालयाची इमारत कोसळली. परिचारिकांच्या राष्ट्रीय विद्यालयात वर्ग चालू असताना छत खाली आले आणि पुढची कित्येक वर्षे ज्यांनी रुग्णांना सांभाळले असते अशा मुली एका क्षणात गेल्या. मदतीच्या चर्चेत या विद्यालयाचा उल्लेख क्वचितच येतो. मला मात्र त्या दिवशीच्या हानीत ती सर्वांत खोल वाटते, कारण परदेशातून तंबू आणता येतात, सलाईनच्या बाटल्या आणता येतात, पण क्रिओल या तिथल्या लोकभाषेत आजारी बाईशी बोलणारी शिकलेली नर्स आणता येत नाही.

जगाने तेव्हा हात आखडता घेतला नाही, हे नमूद करायलाच हवे. लहानमोठ्या देशांनी पैसे दिले, भारतानेही पन्नास लाख डॉलर रोख दिले. शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले. पण या पैशाने प्रवास कसा केला? हैतीसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूतांच्या कार्यालयाने तातडीच्या मदतीच्या सुमारे २४३ कोटी डॉलरचा माग काढला. त्यातले ३४ टक्के देणाऱ्या देशांच्या स्वतःच्याच लष्करी आणि नागरी पथकांच्या खर्चापोटी परत गेले. २८ टक्के संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थांना, तर २६ टक्के खासगी कंत्राटदार आणि इतर संस्थांना मिळाले. हैती सरकारच्या वाट्याला आला तो १ टक्का. ज्या देशाचे मंत्रालय ढिगाऱ्याखाली होते, ज्याच्या सरकारी रुग्णालयातले कर्मचारी स्वतःची माणसे पुरून पगाराशिवाय कामावर येत होते, त्या देशाच्या तिजोरीत शंभरातला एक डॉलर पोहोचला, आणि पुढे त्याच देशाला ‘तुमची यंत्रणा कमकुवत आहे’ असे वर्षानुवर्षे ऐकवले गेले.

पहिल्या काही दिवसांत बाहेरून आलेल्या शल्यचिकित्सकांनी जीव वाचवले, याविषयी मला शंका नाही. चिरडलेला हात किंवा पाय घेऊन आलेल्या माणसाला ‘शाश्वत विकास’ नको असतो, त्याला भूल देणारा आणि शस्त्रक्रिया करणारा हवा असतो. तरीही त्या दिवसांचा तपशील नीट पाहिला पाहिजे. आंतरराष्ट्रीय शोधपथकांनी ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलेली माणसे शे-दोनशेच्या घरातली. त्याहून कितीतरी अधिक माणसे शेजाऱ्यांनी हातांनी, पहारींनी, गाडीच्या जॅकने काढली. राजधानीच्या विमानतळाचे नियंत्रण अमेरिकी हवाई दलाकडे होते आणि ‘सीमारहित डॉक्टर’ या संस्थेचे फुगवून उभे करायचे रुग्णालय घेऊन आलेले विमान तिथे उतरू न देता शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाकडे वळवले गेले. तिथून ते सामान रस्त्याने आणावे लागले. ज्या देशात विमाने पोहोचायला वेळ लागला त्याच देशात क्यूबाचे शेकडो आरोग्य कर्मचारी १९९८ च्या जॉर्जेस वादळापासून वस्ती करून होते आणि क्यूबात शिकलेले हैतीचे तरुण डॉक्टर त्यांच्या जोडीला होते. त्यांनी पहिल्याच रात्री काम सुरू केले, कारण ते आधीपासून तिथे होते.

आलेल्या पथकांपैकी काही उत्तम होती, काही फक्त उत्साही होती. हजारोंचे अवयव कापावे लागले. त्यातले किती टाळता आले असते यावर शल्यचिकित्सकांमध्ये पुढे बरीच चर्चा झाली. ज्या माणसाचा पाय कापला त्याची जखम तीन आठवड्यांनी कोण पाहणार, त्याला कृत्रिम पाय कोण बसवणार आणि तो घासू लागला तर तो कोणाकडे जाणार, या प्रश्नांना परतीचे तिकीट काढून आलेल्या पथकाकडे उत्तर असू शकत नव्हते. या गोंधळातूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांसाठी किमान दर्जा आणि वर्गवारी ठरवली. बाहेरच्या पथकाने यजमान देशाच्या आरोग्य मंत्रालयाकडे नोंद करावी आणि त्याच्या समन्वयाखाली काम करावे, ही साधी अपेक्षा त्यात आहे. ती आधीच पाळली जायला हवी होती.

मग २०१०च्याच ऑक्टोबरमध्ये पटकी आली. हैतीत त्याआधी किमान शंभर वर्षे पटकीची नोंद नव्हती. जुन्या पिढीतल्या डॉक्टरांनीही पटकीचा रुग्ण पाहिलेला नव्हता. मिरबालेजवळ मेय नावाच्या ओढ्याच्या काठी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता आणि नुकतीच नेपाळहून तुकडी आली होती. तळावरच्या मैल्याची विल्हेवाट इतकी निष्काळजीपणे होत होती की तो ओढ्यात जात होता. ओढा मोठ्या नदीला आणि ती आर्तिबोनितला मिळते. भातखाचरांत दिवसभर उभे राहणारे, तेच पाणी पिणारे आणि त्यातच भांडी धुणारे शेतकरी काही दिवसांतच वांत्या-जुलाबांनी कोसळू लागले. सां-मार्कच्या रुग्णालयाचे आवार जमिनीवर झोपवलेल्या रुग्णांनी भरून गेले. पुढच्या काही वर्षांत आठ लाखांहून अधिक माणसांना लागण झाली आणि सुमारे दहा हजार मेली. गावोगावचे जे मृत्यू कोणत्याच वहीत चढले नाहीत, ते यात धरलेले नाहीत.

इथे मदतीच्या नैतिकतेचा खरा कस लागला, आणि संयुक्त राष्ट्रांनी तो गमावला. रनो पियारू या फ्रेंच साथरोगतज्ज्ञाने काही आठवड्यांतच गावांचे नकाशे, तारखा आणि ओढ्याचा प्रवाह जुळवून रोगाचे मूळ तळाकडे दाखवले. २०११ मध्ये जंतूच्या जनुकीय तपासणीने नेपाळमधल्या जंतूशी त्याचे नाते सिद्ध केले. तरीही अधिकृत भूमिका अशी की, मूळ शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा उपचारांकडे लक्ष द्यावे. पीडितांनी भरपाई मागितली तेव्हा २०१३ मध्ये संस्थेने कायदेशीर संरक्षणाचा आधार घेऊन दावा विचारात घेण्यासच नकार दिला. साथ सुरू झाल्यावर सहा वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली आणि ४० कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. ती रक्कम सदस्य देशांच्या ऐच्छिक वर्गणीवर सोडण्यात आली आणि तिचा अगदी लहानसा भाग जमला. क्रिओल भाषेत एक म्हण आहे: मारणारा विसरतो, वळ ज्याच्या अंगावर तो लक्षात ठेवतो. आर्तिबोनितच्या खोऱ्यातली घरे हे विसरतील अशी अपेक्षा कोणी करू नये.

नेपाळच्या त्या सैनिकांना दोष देऊन प्रश्न संपत नाही. ते गरीब देशातून आलेले, हुकमाप्रमाणे पाठवलेले तरुण होते. तळावरचे खड्डे कसे असावेत हे त्यांनी ठरवले नव्हते. दोष आहे तो, दुसऱ्याच्या देशात वावरताना आपल्या घाणीची जबाबदारी आपली नाही असे गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेचा.

पटकीच्या याच कहाणीत आपल्या उपखंडाचा दुसराही धागा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेल्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. तिथला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपासून चार टक्क्यांच्या खाली आला. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो ती हीच. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये डॉ. जाँ विल्यम पाप यांनी सरकारी रुग्णालयातल्या जुलाबाने मरणाऱ्या बाळांसाठी हीच पद्धत वापरून मृत्यू झपाट्याने खाली आणले, आणि १९८२ मध्ये त्यांनी सुरू केलेली गेस्किओ ही हैतीच्याच डॉक्टरांची संस्था पुढे एचआयव्ही आणि पटकी या दोन्हींशी झुंजली. २०१२ मध्ये याच गेस्किओने आणि कांजच्या संस्थेने मिळून राजधानीतल्या झोपडपट्ट्यांत आणि आर्तिबोनितच्या खोऱ्यात सुमारे एक लाख लोकांना पटकीची तोंडाने घ्यायची लस दिली. ती लस हैदराबादला तयार झालेली होती. अशा अस्ताव्यस्त देशात दोन मात्रा वेळेवर देणे जमणार नाही असे सांगणारे तज्ज्ञ कमी नव्हते. घरोघरी जाणाऱ्या स्थानिक आरोग्यसेवकांनी ते जमवून दाखवले. बनगावची युक्ती आणि हैदराबादची लस हैतीत उपयोगी पडली, कारण ती हाताळायला तिथले शिकलेले, पगार घेणारे, गल्लीबोळ माहीत असलेले लोक होते.

कांजच्या संस्थेविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. हैतीचे पाद्री फ्रिट्झ लाफोंताँ यांच्या कामातून आणि पॉल फार्मर, ऑफीलिया डाल आदी तरुणांच्या साथीने तिथे ‘झान्मी लासान्ते’, म्हणजे आरोग्याचे सोबती, ही संस्था उभी राहिली. क्षयाच्या रुग्णांना मोफत गोळ्या देऊनही ते बरे का होत नाहीत, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता. गावकऱ्यांचा समज आणि अंधश्रद्धा हे त्याचे सोपे उत्तर होते. त्यांनी ते स्वीकारले नाही. काही रुग्णांना गोळ्यांबरोबर दरमहा थोडे पैसे, शिधा आणि घरी येणारा आरोग्यसेवक दिला. ते रुग्ण जवळजवळ सगळे बरे झाले. नुसत्या गोळ्या मिळालेल्यांत बरे होण्याचे प्रमाण बरेच कमी राहिले, जादूटोण्यावरचा विश्वास मात्र दोन्हीकडे सारखाच होता. ‘जेवण न देता औषध देणे म्हणजे हात धुऊन ते मातीला पुसणे,’ असे तिथले लोक म्हणतात. १९९८ पासून याच पद्धतीने एचआयव्हीची महागडी औषधे खेड्यातल्या गरिबांना दिली गेली. रोज घरी जाऊन डोळ्यांदेखत गोळी देणारे, मुलांची चौकशी करणारे, छप्पर गळते का ते पाहणारे सोबती गावातूनच निवडले होते. आणि त्यांना पगार होता.

या शेवटच्या वाक्यावर माझा भर आहे. जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावच्या, बहुतेक निरक्षर आणि उपेक्षित जातींतल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, आणि आरोग्याचे ज्ञान पदवीच्या उंबऱ्याबाहेर नेता येते हे जगाला दाखवले. त्याच विचाराची पुढची सरकारी आवृत्ती म्हणजे आपल्या आशा कार्यकर्त्या; आणि मानधन वेळेवर मिळावे म्हणून त्या भर उन्हात मोर्चे काढतात तेव्हा कळते की, सेवाभावाचे गोडवे गाणारी व्यवस्था पगाराच्या प्रश्नाला किती सहज बगल देते. गरीब बाईच्या वेळेला मोल नाही असे मानणारी मदत गरिबी कमी करत नाही. हैतीत आठवड्यासाठी येणाऱ्या एका परदेशी पथकाच्या विमानप्रवासावर आणि मुक्कामावर जेवढे पैसे जातात तेवढ्यात तिथल्या परिचारिकेचा कित्येक महिन्यांचा पगार निघू शकतो. पथकाने यावे की नाही हा निर्णय त्यामुळे वैद्यकीय असण्याइतकाच खर्चाच्या प्राधान्याचा आहे, आणि तो हैतीच्या डॉक्टरांना विचारून घेतला गेला पाहिजे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, हैतीच्या सरकारच्या हातात पैसे द्यायचे तरी कसे? हा आक्षेप पोकळ नाही. दुव्हालिये बाप-लेकांनी १९५७ ते १९८६ या काळात देश लुटला. व्हेनेझुएलाकडून सवलतीत मिळालेल्या तेलातून जमलेला विकासनिधी कुठे गेला, हे विचारत २०१८ मध्ये हैतीचेच लोक हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे तिथल्या सत्ताधाऱ्यांतही आहेत. परंतु सरकारला वळसा घालणारी मदत अधिक प्रामाणिक ठरली का? अमेरिकी रेड क्रॉसने भूकंपानंतर सुमारे ४८.८ कोटी डॉलर जमवले, आणि २०१५ मध्ये अमेरिकी पत्रकारांनी केलेल्या शोधात संस्थेने बांधलेली कायमस्वरूपी घरे सहा निघाली. संस्थेने त्या वृत्तावर आक्षेप घेतला, इतर कामांची यादी दिली. पण घरांचा आकडा तिला खोडता आला नाही. ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांनी हैतीत केलेले लैंगिक शोषण बाहेर यायला २०१८ उजाडले. जानेवारी २०१० मध्येच अमेरिकेतून आलेल्या एका धार्मिक गटाला अनाथ म्हणवलेल्या ३३ मुलांना सीमेपार नेताना पकडले गेले. त्या बहुतेक मुलांचे आईवडील जिवंत होते. फरक इतकाच की, भ्रष्ट मंत्र्याविरुद्ध हैतीचा नागरिक मोर्चा काढू शकतो, त्याला पाडण्यासाठी मत देऊ शकतो. जिनिव्हात किंवा वॉशिंग्टनमध्ये कार्यालय असलेल्या संस्थेविरुद्ध त्याने जायचे कुठे?

शिवाय हे सरकार असे पोकळ झाले कसे, हेही देणाऱ्यांनी स्वतःला विचारले पाहिजे. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेल्या या देशाकडून फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका उभ्या करून १५ कोटी फ्रँकची ‘भरपाई’ कबूल करून घेतली. ती पुढे ९ कोटींवर आणली गेली, आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत चालली. ज्या पैशातून शाळा, बंधारे, दवाखाने व्हायचे तो सव्वाशे वर्षे पॅरिसला आणि पुढे न्यूयॉर्कला गेला. अलीकडचे उदाहरण तांदळाचे आहे. १९९५ मध्ये परकीय दडपणाखाली तांदळावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले गेले, अनुदानावर पोसलेला अमेरिकी तांदूळ बाजारात आला आणि आर्तिबोनितच्या भातशेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. मार्च २०१० मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे ही चूक होती, तिचा फायदा आपल्या आर्कान्सासमधल्या काही शेतकऱ्यांना झाला, असे कबूल केले. ज्या खोऱ्यात काही महिन्यांनी पटकी आली ते खोरे आधी असे कंगाल केले गेले होते. त्या खोऱ्यात फुकट तांदळाची पोती वाटणे आणि त्याच वेळी तिथला भात विकला जाणार नाही अशी धोरणे लादणे, या दोन गोष्टी एकाच हाताने होत असतील तर त्या हाताला दाता म्हणायला मन धजत नाही.

सरकारबरोबर राहून आणि तरीही पैशावर डोळा ठेवून काम करता येते, याचा पुरावा पुन्हा मिरबालेतच आहे. जिथून पटकी सुरू झाली त्याच गावात झान्मी लासान्ते आणि आरोग्य मंत्रालय यांनी मिळून सुमारे ३०० खाटांचे विद्यापीठ रुग्णालय बांधले. ते २०१३ मध्ये सुरू झाले. छतावरच्या सौर पॅनेलवर दिवसा चालणारे, शस्त्रक्रियागृहे असलेले, कर्करोगावर उपचार करणारे हे रुग्णालय सार्वजनिक होते, आणि मुख्य म्हणजे तिथे हैतीचे तरुण डॉक्टर विशेषज्ञ म्हणून तयार होत होते. याच्या उलट राजधानीतल्या मुख्य सरकारी रुग्णालयाचे पाहा. अमेरिका आणि फ्रान्स यांच्या पैशातून त्याची नवी इमारत व्हायची होती. दशक उलटले तरी ती पूर्ण उघडली नाही. २०१६ मध्ये तिथल्या निवासी डॉक्टरांना कित्येक महिने संपावर जावे लागले, आणि त्यांच्या मागण्यांत पगाराइतकीच औषधे व साधी साधने होती. इमारतीचा आराखडा दात्याला दाखवता येतो, तिच्यावर नावाची पाटी लावता येते. पगारपत्रकावर पाटी लागत नाही. म्हणूनच कदाचित त्यासाठी पैसे मिळत नाहीत.

औषधांच्या देणग्यांबाबतही एवढेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ पासून उपलब्ध आहेत: मागितलेलीच औषधे पाठवावीत, पोहोचल्यावर किमान वर्षभर मुदत शिल्लक असावी, लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत असावे. घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्या गोळा करून खोकी पाठवणाऱ्यांनी ही तीन वाक्ये आधी वाचावीत.

आता २०२१ नंतरच्या काळाकडे पाहताना माझ्याच मांडणीला एक प्रश्न विचारायला हवा. राष्ट्राध्यक्ष जोव्हेनेल मोईझ यांची जुलै २०२१ मध्ये हत्या झाली. पुढच्याच महिन्यात दक्षिणेत ७.२ क्षमतेचा भूकंप होऊन बावीसशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा राजधानीतून दक्षिणेकडे जाणारा मार्तिसांचा रस्ता टोळ्यांच्या ताब्यात असल्याने मदतीचे ट्रक अडकले. २०२२ मध्ये टोळ्यांनी इंधनाचे मुख्य आगार रोखून धरले असताना पटकी परत आली. २४ डिसेंबर २०२४ रोजी राजधानीतले तेच सरकारी रुग्णालय पुन्हा सुरू करण्याच्या कार्यक्रमावर गोळीबार होऊन पत्रकार मारले गेले. मार्च २०२५ च्या अखेरीस टोळ्या मिरबालेत घुसल्या आणि काही आठवड्यांत ते विद्यापीठ रुग्णालयही बंद करावे लागले. २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे १३ लाख माणसे आपल्याच देशात विस्थापित झाली होती. मग संस्था उभारण्याचा आग्रह कशासाठी, जे बांधले ते बंदुकीपुढे टिकले नाही, असे कोणी म्हणू शकेल.

मला यातून उलट निष्कर्ष दिसतो. इमारत बंद झाली, पण तिथे शिकलेले डॉक्टर आणि परिचारिका मध्य पठारावरच्या इतर दवाखान्यांत काम करू शकतात, आणि २०२२ च्या पटकीत पहिल्या दिवसापासून उपचार सुरू झाले ते २०१०च्या साथीत तयार झालेल्या हातांमुळेच. टोळीला इमारत जाळता येते, माणसात उतरलेले कौशल्य जाळता येत नाही. माझ्या मांडणीतली कच्ची बाजू दुसरीकडे आहे, आणि ती २०२५ मध्ये उघडी पडली. झान्मी लासान्ते काय किंवा गेस्किओ काय, त्यांच्या पगारपत्रकाचा मोठा आधार अमेरिकी सरकारचा पैसा होता. जानेवारीत वॉशिंग्टनने परदेशी मदत गोठवली, १ जुलैला त्या देशाची विकाससाहाय्य संस्थाच बंद झाली, आणि एचआयव्हीच्या औषधांपासून आरोग्यसेवकांच्या मानधनापर्यंत सगळे अधांतरी झाले. म्हणजे पगार देणे पुरेसे नाही. तो पगार हैतीच्या सार्वजनिक अर्थसंकल्पात, दहा-वीस वर्षांच्या लेखी वचनाने, एका देशातल्या निवडणुकीने तुटणार नाही अशा सामायिक निधीतून आला पाहिजे, आणि त्याचे लेखापरीक्षण हैतीत, क्रिओल भाषेत, जाहीर झाले पाहिजे. असे निधी क्षय आणि मलेरियासाठी जगाने उभे केले आहेत. परिचारिकांच्या वेतनासाठी ते उभारता येणार नाहीत असे कोणतेही तांत्रिक कारण नाही.

त्या निधीची पहिली रक्कम कुठून यावी याचे उत्तरही आर्तिबोनितच्या काठीच आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेले ४० कोटी डॉलर हे दान नव्हते, ते देणे होते, आणि देण्यासाठी ऐच्छिक वर्गणीची झोळी फिरवायची नसते. ती रक्कम संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी ठरलेल्या वाट्याने भरावी. हैतीतल्या त्याच शांतिसेनेत भारताच्या निमलष्करी दलांच्या पोलीस तुकड्या वर्षानुवर्षे होत्या, आणि शांतिसेनांना सर्वाधिक माणसे पुरवणाऱ्या देशांत भारताची गणना होते. उद्या एखाद्या तळावरच्या चुकीची भरपाई मागितली जाईल या भीतीने असे देश गप्प राहू शकतात. पण ज्या देशाने जलसंजीवनी दिली आणि पटकीची लस दिली, त्याच्या प्रतिनिधीने महासभेत उभे राहून आपला वाटा भरण्याची तयारी दाखवली आणि इतरांकडे तो मागितला, तर मेयच्या ओढ्याकाठी आईबाप गमावलेल्या मुलांचा दावा निदान एकदा तरी मतदानाला येईल.